पाल्याच्या नावापुढचे वाक्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रानवनस्पतींवर एक छोटी चौकट येते. वनस्पतीचे रेखाचित्र, खाली नाव आणि ‘उपयोग’ म्हणून दोन-तीन ओळी. पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या झाडोऱ्यासाठी वर्तमानपत्राने जागा राखून ठेवावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते. प्रत्येक चौकट मी कापून ठेवली आहे. तरीही हे पत्र तक्रारीचे आहे. मागच्या चौकटीत अडुळसा होता. ‘पानांचा रस खोकला व दम्यावर गुणकारी’ एवढे छापून ती संपली. माझी आजी हे सांगताना पुढे आणखी एक वाक्य म्हणायची: ‘पण पोटुशीला द्यायचा नाही.’ ते वाक्य चौकटीत नव्हते.

आजीला झाडपाल्याची चांगली माहिती होती. कॉलेजात असताना मी तिच्याकडून 65 वनस्पतींची माहिती एका वहीत उतरवून घेतली. ती सांगायची ते लांबलचक असे. हिचे पान फुलोऱ्याआधी खुडायचे, तिची साल सावलीतच वाळवायची, अमकीचे मूळ उकरताना निम्मे झाड जागेवर ठेवायचे, तमकी तीन दिवसांच्या वर घ्यायची नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. नाव आणि दुखणे एवढेच टिपले, बाकीचा सगळा मला पाल्हाळ वाटला. आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. वहीत 65 नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे एक दुखणे आहे. एक पान सोडले तर त्यातले काहीही मी कुणाला धीराने देऊ शकत नाही. आपल्या चौकटीत मला माझीच वही दिसते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पारंपरिक औषधाची खरी माहिती वनस्पतीच्या नावात नसते. कधी, कोणता भाग, कशा रीतीने, किती आणि कुणाला नाही, यात ती असते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात हे सांगितले आहे: रानात शेळ्या-मेंढ्या आणि गायी राखणारे लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, पण केवळ नाव किंवा रूप कळले म्हणून औषध कळले असे होत नाही. त्याच ठिकाणी, न जाणता वापरलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्राची उपमा दिली आहे.

ग्रीसमध्ये थिओफ्रास्टस नावाचा अभ्यासक ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेला. मुळ्या खणणाऱ्या लोकांचे नियम त्याने नोंदवले आणि ते चाळणीतून काढावेत तसे निवडले, म्हणून मला त्याच्याविषयी फार आदर आहे. थॅप्सिया नावाची वनस्पती कापताना अंगाला तेल लावावे आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहावे, नाहीतर अंग सुजते, असे खणणारे सांगत. हेलेबोर खणताना डोके जड होते, म्हणून आधी लसूण खावा आणि फार वेळ खणू नये, असेही सांगत. हे नियम त्याला पटण्यासारखे वाटले. पिओनी रात्रीच खणावी, दिवसा तिची फळे तोडताना सुतारपक्ष्याने पाहिले तर डोळे जाण्याची भीती असते, हे मात्र त्याने ओढूनताणून जोडलेले ठरवले. मँड्रेकभोवती तलवारीने तीन वर्तुळे काढायची, ही रीतही त्याने त्याच रांगेत बसवली. सगळे खरे किंवा सगळे खोटे असे त्याने मानले नाही, एकेक नियम हातात घेऊन पाहिला. आज आपण एवढी तसदी घेत नाही. कुणी सगळेच डोक्यावर घेतो, कुणी सगळेच केरात टाकतो, आणि दोघांच्याही हातून ते तेल आणि तो वारा निसटतो.

फॉक्सग्लव्ह या वनस्पतीची गोष्ट तर मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरकडे 1775 मध्ये अंगावर पाणी चढण्याच्या रोगावरची एक घरगुती कृती मत विचारण्यासाठी आली. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीने ती बरीच वर्षे गुपित ठेवली होती आणि नेहमीच्या वैद्यांनी हात टेकल्यावरही तिच्या औषधाने कधीकधी माणूस उठून बसे. कृतीत वीस किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. विदरिंगला वनस्पतिशास्त्र येत होते. काम करणारी वनस्पती फॉक्सग्लव्हच असणार, हे त्याने ओळखले. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची दहा वर्षे त्याने काय केले, ते कमी सांगितले जाते. मुळाची ताकद झाडाच्या वयाप्रमाणे बदलते हे जाणून त्याने पानावर भर दिला. पान फुले येण्याच्या सुमारास तोडायचे, देठ आणि मधली शीर काढून टाकायची, वाळवून पूड करायची, असे एकेक ठरवत तो गेला. मळमळ, नाडी मंदावणे, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे या खुणाही त्याने लिहून ठेवल्या, म्हणजे कुठे थांबायचे ते कळावे. त्याचे पुस्तक 1785 मध्ये आले, आणि त्यात फसलेले रुग्णही त्याने लपवले नाहीत. याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीपासून मिळणारे डिगॉक्सिन आजही हृदयरोगात देतात आणि त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात. ‘फॉक्सग्लव्ह हृदयाला चांगली’ एवढेच कुणी छापले तर ते वाक्य खोटे नसेल, पण त्याने माणूस मरू शकतो. कॉम्फ्री ही दुसरी औषधी वनस्पती समजून फॉक्सग्लव्हच्या पानांचा चहा प्यायल्याने लोकांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, कारण फुले नसताना दोन्हींची पाने सारखी दिसतात. म्हातारीचे नाव विदरिंगने दिलेले नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

कृतीतला एक शब्द किती मोलाचा असतो, हे थू योयो या चिनी संशोधिकेच्या कामात दिसते. हिवतापावर औषध शोधताना त्यांच्या गटाला आर्टेमिसिया या वनस्पतीचा अर्क आशादायक वाटला. ही दवण्याच्या जातकुळीतलीच. पण पुढच्या प्रयोगांत तसा गुण पुन्हा येईना. तेव्हा त्या चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या कृतीकडे पुन्हा वळल्या. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा, असे तिथे होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असेल, असा कयास बांधून त्यांनी 35 अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि 1971 मध्ये उंदरांवर तो पूर्ण लागू पडला. पुढे त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 मध्ये थू यांना नोबेल. सोळाशे वर्षांपूर्वी कुणी जागा वाचवण्यासाठी ‘हिवतापावर उपयुक्त’ एवढेच लिहिले असते, तर तो धागा त्यांना मिळाला नसता.

याउलट, नावावर विसंबल्याने काय होते, त्याचे उदाहरण फार जुने नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारांत एक चिनी वनस्पती दिली जात होती. नावातल्या सारखेपणामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकियाची एक जात आली. शंभरावर जणांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, आणि अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. या वंशाचे ग्रीक नावच मुळी ‘उत्तम बाळंतपण’ अशा अर्थाचे. फुलाचा आकार गर्भाशयासारखा दिसतो म्हणून ती बाळंतिणीला द्यायची, असा समज शतकानुशतके चालत आला. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसन याच वंशातली. वनस्पतीच्या रूपातच तिचा उपयोग लिहिलेला असतो, ही कल्पना ऐकायला सुंदर आहे, पण मूत्रपिंडाचे विष तिला दिसले नाही. ते अनेक वर्षांनंतर उघड होते, आणि एवढ्या उशिराचा परिणाम कुणाच्याच आजीच्या नजरेत सहज आला नसता. परंपरेच्या मर्यादाही आपण मोकळेपणाने छापायला हव्यात, असे मी म्हणते ते यासाठी.

कारण चुकीचे आणि निरीक्षण खरे, असेही होते. एडवर्ड स्टोन या पाद्र्याने 1763 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला विलोच्या सालीबद्दल पत्र लिहिले. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या वंशातले झाड. दलदलीत ताप येतो, विलो दलदलीत वाढतो, म्हणून औषध तिथेच असणार, असे त्याचे तर्कशास्त्र. ते अर्थातच टिकणारे नव्हते. पण साल तीन महिन्यांहून जास्त वाळवून, कुटून, चाळून त्याने सुमारे पन्नास जणांना दिली आणि ताप उतरतो हे पाहिले. सालीतल्या सॅलिसिन या ताप उतरवणाऱ्या घटकाचा शोध पुढच्या शतकात लागला.

गुंजेच्या बियांत ॲब्रिन हे जहाल विष असते. जुन्या ग्रंथांत ती दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असे सांगितले आहे. ॲब्रिन हे प्रथिन असल्याने उष्णतेने त्याचा जोर मोडतो. हे सांगितले म्हणून कुणी घरी गुंजा शिजवायला घेऊ नयेत. एवढेच म्हणायचे आहे, की ‘शोधन’ हा शब्द गाळून गुंजेचे औषधी गुण छापणे म्हणजे चौकटीत विष छापणे.

आणि काही गोष्टी जुन्या सांगणाऱ्यांना ठाऊकच असू शकत नव्हत्या. सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती युरोपात 24 जूनच्या सणाच्या सुमारास फुलते. त्या दिवशी ती खुडून दारावर लावली की भुताखेतांची बाधा होत नाही, असा समज होता. आज ती मनाच्या उदासीवर घेतात. मात्र ती यकृतातल्या एन्झाइमांना चेतवते आणि इतर औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकायला लावते. हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांत तिच्यामुळे आरोपित हृदय नाकारले जाण्याची वेळ आल्याची नोंद 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करू शकते. आजच्या चौकटीत ‘तुम्ही आणखी कोणती औषधे घेता?’ हा प्रश्न म्हणूनच हवा.

तेव्हा माझी विनंती अशी. रेखाचित्र थोडे लहान करा, पण वनस्पतीचे शास्त्रीय नाव द्या, कारण एकाच मराठी नावाने दोन-दोन, तीन-तीन झाडे ओळखली जातात. तिच्यासारखे दिसणारे धोक्याचे झाड असेल तर ते शेजारी दाखवा. भाग, ऋतू आणि प्रक्रिया द्या. गरोदर बाई, लहान मूल, मूत्रपिंड-यकृताचा रुग्ण यांच्यासाठीची सूचना गाळू नका. एखाद्या उपयोगाला आधुनिक तपासणीचा आधार आहे, एखाद्याला फक्त परंपरेचा आहे, हे वेगवेगळे लिहा. दोन्हींना मान असू द्या, मात्र एक दुसऱ्याच्या नावाने खपवू नका. आणि वाचकांकडून माहिती मागवाल तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे पाठवायला सांगा. अंधश्रद्धा वाटेल ते वाक्यही वगळू नये, निवडण्याचे काम नंतर जाणकारांनी करावे.

माझ्या वहीतले जे एक पान पूर्ण आहे, ते अडुळशाचे. बाकीच्या ठिकाणी आजीने मला सोडून दिले, पण इथे तिने तिचे वाक्य माझ्याकडून दोनदा लिहून घेतले. बऱ्याच वर्षांनी मी वाचले, की अडुळशातला वासिसिन हा घटक गर्भाशयाचे आकुंचन घडवतो, आणि त्याच वासिसिनच्या रचनेवरून खोकल्यावरचे ब्रोमहेक्सिन तयार झाले. तिचे दोन्ही शब्द, ‘खोकल्याला’ आणि ‘पोटुशीला नाही’, एकाच रेणूपाशी येऊन मिळत होते. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. पुढच्या चौकटीत सुधारणा छापणार असाल तर त्या पानावरची ‘पोटुशीला द्यायचा नाही’ ही ओळही छापावी.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका)