फुकट नव्हे हो, मुक्त!

संपादक महोदय,

सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून बघायचा, बदलायचा हक्क हवा म्हणणाऱ्या सॉफ्टवेअर स्वातंत्र्यवाल्यांची टवाळी करणारा तुमच्याकडचा लेख वाचला. खरं तर कालच लिहिणार होते, पण रागाच्या भरात पत्र लिहू नये म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग काही गेला नाही.

लेखकाचं म्हणणं, जगात काहीही घडलं की ही मंडळी त्याला सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य जोडून मोकळी होतात. अहो, ते जोडलेलंच असतं, आपल्याला दिसत नाही म्हणून कोणीतरी बोट दाखवतं इतकंच.

आधी लेखकाने अशा सॉफ्टवेअरला लावलेल्या 'फुकट' शब्दाचं बघू. इंग्रजीवाल्यांची खरंच पंचाईत आहे, त्यांच्याकडे फ्री हा एकच शब्द, म्हणून १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर करणारा अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन वर्षानुवर्षं समजावतोय की बाबांनो मी पैशाबद्दल बोलत नाहीये. आपल्याकडे मोफत वेगळं, मुक्त वेगळं, शब्द हाताशी तयार असताना तुमच्या लेखकाने नेमका फुकट उचलला. मुक्त म्हणजे प्रोग्राम कशासाठीही वापरा, आत काय आहे ते बघा, हवा तसा बदला, दुसऱ्याला द्या, बदललेला पण द्या. विकायलाही बंदी नाही.

आता माझा स्कॅनर. जुने फोटो स्कॅन करायला घेतलेला, ठणठणीत. मागच्या वर्षी कॉम्प्युटर बदलला तर नव्या सिस्टीमने त्याला ओळखच दाखवली नाही. कंपनीच्या (नाव घेत नाही) हेल्पलाइनवर पाऊण तास तीच ती ट्यून ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला मॅडम ह्या मॉडेलचा ड्रायव्हर (म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनरशी बोलायला लागणारा प्रोग्राम) आता येत नाही, नवीन मॉडेल घ्या. म्हटलं मशीन बिघडलेलं नाहीये. तो म्हणे, हो मॅडम, मशीन ओके आहे. म्हटलं मग? मग काही नाही, नवीन मॉडेल घ्या! तीन महिने तो स्कॅनर टेबलावर फडकं पांघरून पडला होता. शेवटी भाच्याने जुन्याच कॉम्प्युटरवर लिनक्स ही मुक्त सिस्टीम टाकली, वायर खोचली, सीडी नाही की काही नाही, आणि काचेखालचा दिवा घर्रर्र करत सरकायला लागला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. 'सेन' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात कोणा अनोळखी लोकांनी ह्या मॉडेलशी कसं बोलायचं ते लिहून ठेवलं होतं आणि पुढच्यांनी ते जपलं, कंपनीची परवानगी मागत बसायला नको.

गंमत म्हणजे स्टॉलमनचं डोकं फिरलं तेही एका प्रिंटरपायीच. एमआयटीच्या लॅबमधल्या जुन्या प्रिंटरसाठी त्याने अशी सोय केली होती की कागद अडकला की ताटकळलेल्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, कागद तोही अडकवायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, मागितला तर नकार. हे वाचलं तेव्हा वाटलं हा माणूस माझ्याच हेल्पलाइनला फोन लावून बसला असणार.

म्हणून बातम्यांशी सांधा जोडून दाखवणारे मला तरी वेडे वाटत नाहीत. फोक्सवॅगनचं २०१५ चं प्रकरण बघा, तपासणी चालू आहे हे गाडीतला प्रोग्राम ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर सज्जन व्हायचा, आत डोकावायची सोय नाही म्हणून वर्षानुवर्षं खपलं ना ते. २००९ मध्ये अमेझॉनने लोकांनी विकत घेतलेलं पुस्तक त्यांच्या किंडलमधून (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून) परस्पर काढून घेतलं, तेही पाळत आणि पुसापुशीवरचं ऑर्वेलचं '१९८४', असा विनोद ठरवून सुचणार नाही. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली, तेव्हा ते अपडेट जरा थांबून घेऊ म्हणायची सोयसुद्धा मशीनवाल्यांना नव्हती.

मुक्त म्हणजे निर्दोष असं नाही, मान्य. लेखकाने एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं उदाहरण दिलंय, मार्च २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा सापडला, खरंय. पण सापडला कसा तेही लिहायचं की! आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो खोदत खोदत आत गेला. जाता आलं म्हणून गेला. माझ्या हेल्पलाइनवाल्याने कोणाला आत जाऊ दिलं असतं?

विषय निघालाच आहे तर, तुमच्या ई-पेपरच्या अ‍ॅपला माझी कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला लागते हो? नाही म्हटलं की अग्रलेखाच्या मध्यावर परत विचारतं. मी कोणाकोणाला ओळखते ते कळल्यावर शब्दकोडं सोपं होणार आहे का? तसंही रविवारच्या कोड्याचं उत्तर दोन आठवडे छापलेलं नाही. माझा सात उभा अजून अडलाय.

आपली,
एक जुनी वाचक