स्टेडियममधली बिअर आणि मध्यांतराचं दार

संपादक महोदय,

अमेरिकेत कॉलेजच्या सामन्यांना दारू विकावी की नाही, हा वाद आता जवळपास निकालात निघाला आहे आणि विकणाऱ्यांची सरशी झाली आहे. दक्षिणेकडच्या बड्या विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या क्रीडा संघटनेने मे २०१९मध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांना दारू विकण्यावरची जुनी बंदी उठवली. मिशिगन राज्याने २०२३मध्ये कायदाच बदलला आणि पुढच्या वर्षी ॲन आर्बरच्या लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या स्टेडियमवर बिअर मिळू लागली. महाराष्ट्रातून शिकायला गेलेली पुष्कळ मुलं पहिल्याच सत्रात शनिवारचा फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) सामना बघायला जातात. त्यामुळे या विक्रीच्या बाजूने हमखास पुढे केल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाचा समाचार इथेही घ्यायला हवा.

युक्तिवाद असा, की स्टेडियममध्ये बिअर विकली तर दंगामस्ती उलट कमी होते. दाखला दिला जातो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा. मॉर्गनटाउनच्या त्यांच्या मैदानावर २०११मध्ये बिअर सुरू झाली आणि सामन्याच्या दिवशीच्या पोलिसी तक्रारी घटल्या. हे खरं आहे. पण त्याच वर्षी विद्यापीठाने मध्यांतरात बाहेर जाऊन परत आत येण्याची मुभाही काढून घेतली, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

ही मुभा म्हणजे काय, ते तिथलं पार्किंग पाहिल्याशिवाय कळत नाही. सामन्याच्या चार-पाच तास आधीपासून गाड्यांच्या डिक्या उघडून टेलगेटिंग चालू असतं. शेगडीवर सॉसेज, कूलरमध्ये बिअर, आणि शेजारी व्हिस्कीची बाटली. मध्यांतर २० मिनिटांचं. एवढ्या वेळात गाडीपर्यंत जाऊन परत यायचं म्हटल्यावर बिअर कोण पिणार? घाईघाईत कडक दारूचे दोन-तीन पेग घशाखाली जातात. ते चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे माणूस जागेवर बसून तिसरा क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी मध्यांतरानंतरचा पहिला) बघत असताना ते चढतात. उलट्या, शिवीगाळ, मारामारी यांची वेळ नेमकी हीच. दार बंद केलं की हा सगळा डोस गळतो. त्याच्या जागी येते रांगेत उभं राहून १० डॉलर किंवा जास्त मोजून घेतलेली बिअर. ती महाग असते आणि सावकाश मिळते.

आता याच्या उलटं उदाहरण पाहा. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाने १९९६मध्ये फोल्सम फील्डवरची बिअर बंद केली. तिथेही अटका आणि मैदानाबाहेर काढलेल्यांची संख्या घटली. एकीकडे विक्री सुरू करून फायदा, दुसरीकडे विक्री बंद करून फायदा. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्हीकडे सामना चालू असताना पोटात जाणाऱ्या दारूची एक वाट बंद झाली होती. बोल्डरला काउंटर बंद झालं, मॉर्गनटाउनला दार. म्हणून माझं मत असं : विकायची तर विका, पण दार उघडं ठेवून विकू नका. दार आणि काउंटर दोन्ही उघडं ठेवणाऱ्यांनी शांततेच्या गप्पा मारू नयेत.

दुसरा घोळ मापाचा. अमेरिकेत एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरचा १२ औंसाचा, म्हणजे ३५५ मिलिलिटरचा कॅन. स्टेडियममध्ये मिळतो तो बहुधा १६ किंवा २४ औंसाचा. २४ औंस म्हणजे ७१० मिलिलिटर, म्हणजेच पूर्ण दोन ड्रिंक. ‘एका वेळी दोनच’ असा नियम फलकावर ठळक लिहिलेला असतो, पण मोठे दोन कॅन हातात पडले की ती झाली चार ड्रिंक. एक ड्रिंक शरीरातून जायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या नियमानुसार फुटबॉलमध्ये तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी विक्री थांबते. शेवटचा क्वार्टर मध्येमध्ये थांबत पाऊण तास चालतो. शेवटच्या क्षणी दोन मोठे कॅन घेतलेला माणूस पाऊण तासाने गाडीत बसला तर गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा ओलांडलेली असण्याचा धोका उघड आहे. तिथे १२ औंसापेक्षा मोठा कॅन ठेवूच नये आणि मध्यांतर संपलं की एका वेळी एकच द्यावा. याला खर्च शून्य येतो, फक्त गल्ला थोडा कमी होतो.

याच कॉन्फरन्सचा आणखी एक नियम मात्र मला पूर्ण पटतो : खुर्च्यांमधून फिरून विकायचं नाही, ठरलेल्या जागीच विकायचं आणि प्रत्येक खरेदीला ओळखपत्र बघायचं. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक संघांच्या स्टेडियमवर नटांना पाठवून पाहिलं होतं. अल्पवयीन दिसणाऱ्यांना १०० पैकी १८ वेळा बिअर मिळाली. झिंगल्याचं सोंग करणाऱ्यांना १०० पैकी ७४ वेळा! आणि फिरत्या विक्रेत्याकडे हे काउंटरपेक्षा बरंच सहज जमलं. कारण साधं आहे. फिरत्याला पायऱ्यांवर थांबायला वेळ नसतो, त्याच्यावर कोणाची नजर नसते आणि त्याचं पोट टिपवर असतं. न्यू जर्सीतल्या १९९९च्या एका अपघाताच्या खटल्यात पुढे आलं होतं, की दोनची मर्यादा असताना १० डॉलर टिपच्या बदल्यात एकाच प्रेक्षकाला सहा बिअर दिल्या गेल्या. त्याच्या गाडीने नंतर केलेल्या त्या अपघातात दोन वर्षांची मुलगी कायमची पांगळी झाली. ज्युरीने विक्रेत्या कंपनीसह आरोपींवर १३.५ कोटी डॉलरची भरपाई बसवली. अपिलात तो निकाल रद्द झाला, पण तेव्हापासून स्टेडियमच्या विमा कंपन्यांचे कान टवकारलेले आहेत.

काउंटरवरही सगळं आलबेल नसतं. अनेक विद्यापीठांत खाण्यापिण्याचे स्टॉल स्वयंसेवी गट चालवतात. शाळेचा बँड, स्थानिक क्लब वगैरे. विक्रीचा ठरावीक टक्का त्यांच्या संस्थेला मिळतो. उद्देश चांगला आहे, पण जितकं विकाल तितका निधी म्हटल्यावर ‘तुला आता पुरे’ असं सांगायला कोण धजावणार? त्यातून दर शनिवारी माणसं नवी. बिअरच्या काउंटरवर प्रशिक्षित आणि ठरावीक पगाराची माणसं हवीत. टक्केवारी पॉपकॉर्नवर असू दे. वय तपासून हाताला बांधतात त्या मनगटपट्टीवरही फार विसंबू नये. कागदी पट्टी सैल बांधली की सरकवून काढता येते आणि पुढच्या रांगेतल्या एकोणीस वर्षांच्या मित्राच्या हातात जाते. कॅन उघडूनच द्यावा, म्हणजे तो खिशात टाकून नेता येत नाही आणि भरलेला फेकूनही मारता येत नाही. प्यायच्या पाण्याचा नळ बिअरच्या काउंटरजवळच आणि फुकट हवा. सप्टेंबरमध्ये दक्षिणेतल्या भर दुपारच्या सामन्यांना तर हवाच हवा.

पैशांचं म्हणाल, तर ओहायो स्टेट विद्यापीठाला २०१६च्या पहिल्या हंगामात बिअरमधून १० लाख डॉलरहून थोडे जास्त मिळाले. तेव्हा त्यांच्या क्रीडा विभागाचं वार्षिक उत्पन्न १७ कोटींच्या घरात होतं. म्हणजे एक टक्काही नाही. त्यातला काही भाग त्यांनी जादा पोलिस नेमण्यासाठी वापरला, ते योग्यच झालं. २०२५पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे आणि पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर आहे. तो खड्डा बिअरने भरणार नाही. पण भरेल या आशेने विक्रीची वेळ चौथ्या क्वार्टरपर्यंत ताणण्याचा मोह मात्र होईल.

शेवटी, आपल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असं थोडंसं. पिण्याचं किमान वय सर्व राज्यांत २१ आहे. बारावीनंतर गेलेला मुलगा तीन वर्षं त्यात बसत नाही, एमएसला गेलेला बसतो, आणि घोटाळा होतो तो दोघं एकत्र सामन्याला गेल्यावर. मोठ्याने घेतलेला कॅन धाकट्याच्या हातात दिला तर देणाराही गुन्हेगार ठरतो. आधार कार्ड काउंटरवर चालत नाही आणि भारतीय लायसन्सही बहुतेक ठिकाणी नाकारतात, म्हणून पासपोर्ट किंवा तिथल्या राज्याचं ओळखपत्र लागतं. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस आणि मग महिना असतो, तिथे वाचतात उलटं. ०५/११ला जन्मलेल्याला ११ मेचा समजतात, त्यामुळे २१ पूर्ण व्हायला सहा महिने बाकी असताना बिअर मिळूनही जाते. विक्रेत्याची चूक झाली म्हणून पिणाऱ्याचा गुन्हा माफ होत नाही. आणि पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, तर दोष सिद्ध होण्याआधी केवळ अटकेवरूनही विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याचं हे धोरण २०१५पासून आहे. अशा वेळी शिक्षण सहसा लगेच थांबत नाही. पण दिवाळीला घरी आलेल्या मुलाला परत जाण्यासाठी नवा व्हिसा काढावा लागतो आणि त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते.

– एक मराठी वाचक, कोलंबस, ओहायो