चौ शूताओंनी मुलांसाठी लिहून ठेवलेलं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहायला बसले. सध्या मी चौ शूताओ नावाच्या चिनी गिरणीमालकाबद्दल वाचतेय. ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

जन्म १८९१ चा. घराणं मोठं; आजोबा बादशाही अमदानीतले बडे सुभेदार, तर काका अर्थमंत्री आणि कारखानदार. शूताओंनी तांगशान आणि तिआनजिनच्या सूतगिरण्या चालवल्या, पुढे सिमेंट कंपनीचा कारभार पाहिला. हातात पैसा आला की तो जायचा पुस्तकांत. सुंग आणि युआन राजवटींतली, कित्येक शतकांपूर्वी लाकडी फळ्यांवर अक्षरं कोरून छापलेली पुस्तकं!

दिसलं की घेतलं, असं मात्र नव्हतं. त्यांच्या पाच कसोट्या होत्या, पुस्तक म्हणजे जणू माणूसच असं धरून. कोरीव अक्षर चांगलं हवं, ती माणसाची मूळची अंगकाठी. कागद, शाई, छपाई म्हणजे पुढे मिळालेलं पोषण. जाणकारांनी पुस्तकावर लिहिलेले अभिप्राय म्हणजे अंगची हुशारी. आधीच्या मालकांचे शिक्के म्हणजे सुंदर बाईनं बेताचाच केलेला शृंगार, आणि बांधणी म्हणजे नीटनेटके कपडे. यातली शिक्क्यांची कसोटी मला फार आवडली. पुस्तक आपल्याआधी कुणाकुणाचं होतं, हे ज्याला रोज डोळ्यांसमोर दिसतं, त्याला ते कायमचं आपलंच आहे असं वाटणं कठीण.

तसे दाखलेही त्यांनी पाहिले होते. शांतुंग प्रांतात यांग घराण्याचा नामांकित ग्रंथसंग्रह होता, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. विसाव्या शतकाच्या धामधुमीत तो लुटला गेला, फुटला, विक्रीला निघाला. त्यातली पन्नासहून अधिक पुस्तकं शूताओंनी घेतली. पेकिंगच्या (म्हणजे आताच्या बीजिंगच्या) राजवाड्यातून बाहेर गेलेल्या ग्रंथांचे काही सुटे भाग त्यांच्या हाती लागले, तेव्हा ते त्यांनी राजवाडा संग्रहालयाला देऊन टाकले, कारण उरलेले भाग तिथे होते. ग्रंथ पुरा व्हावा, मग तो कुणाच्या का कपाटात असेना.

१९४२ साली, तिआनजिन जपान्यांच्या ताब्यात असताना, त्यांनी संग्रहाची यादी स्वतःच्या हातानं लिहिली आणि तिच्यात मुलांसाठी चार ओळी घातल्या. ही पुस्तकं सगळ्या जगाची आहेत, माझ्या मुला-नातवंडांनी ती घरात धरून बसू नयेत. देशात शांतता नांदू लागली की राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीत. पण अन्नवस्त्राची ददात पडली आणि विकून तांदूळ आणायची वेळ आली, तर रास्त भावानं विकली तरी चालेल. फक्त खासगी माणसाला विकू नका, त्यानं संग्रह विखरून जाईल.

सोनू, ती तांदळाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आपल्या ध्येयापायी मुलांना उपाशी ठेवणारे बाप पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांचं कौतुकही होतं. या माणसानं आयुष्यभराची आवड कागदावर उतरवली आणि त्याच कागदावर मुलांना मोकळीकही दिली. मला हे त्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं.

ती वेळ आली नाही. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच ७१५ ग्रंथ पेकिंगच्या ग्रंथालयाला दिले. पुढे तिआनजिनला हजारोंनी पुस्तकं दिली, आणि १९८१ मध्ये, नव्वदीत, वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या अडीचशेवर जुन्या पोथ्या. १९८४ साली ते वारले. थोरला मुलगा यीलियांग हार्वर्डला संस्कृत शिकला, चीनमधल्या बौद्ध तंत्रमार्गावर त्यानं प्रबंध लिहिला आणि पुढे इतिहासाचा मोठा प्राध्यापक झाला.

आता आपलं. मी इच्छापत्र करतेय. घरातली पुस्तकं गावच्या वाचनालयाला जावीत असं त्यात घातलंय, आणि तुला अडचण असेल तर विकायची मुभाही स्पष्ट लिहिली आहे. रद्दीत मात्र द्यायची नाहीत. मसुदा वकिलांकडे जायच्या आत तुझं काय म्हणणं आहे ते कळव. बाबांचे शब्दकोश तुला हवे असतील तर तेही सांग, म्हणजे यादीतून काढते.

तुझी,
आई