वहीतले तांदूळ

प्रिय बायो,

वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे, साखर थोडी वर-खाली, बाकी काही नाही. आज लिहायला बसले ते ह्यांची ट्रंक उघडली म्हणून.

तळाशी एक वही निघाली, १९८२ची. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप लागला आणि ह्यांनी मार्चपासून पै-पैचा हिशेब लिहिलाय. वाण्याची उधारी, पोरांना गावी धाडलं ते एसटीचं भाडं, माझी पाटली मोडली त्याचे पैसे. आणि ऑगस्टपासून दर महिन्याला एकच ओळ : 'वहिनींकडून तांदूळ १० किलो.' असे १४ महिने.

अगं, त्या १४ महिन्यांत मी तुझ्याशी बोलत नव्हते! भावोजी बंदोबस्तात कामावर गेले म्हणून नळावर तुझ्या हंड्याला हंडा लागू दिला नाही. अडीच लाख माणसं बाहेर बसलीत आणि हे आत शिरले, असं गॅलरीत उभी राहून ओरडले. तू मान खाली घालून दार लावलंस, ते अजून डोळ्यांपुढे आहे. आणि माझ्या चुलीवर भात तुझा शिजत होता! हे म्हणायचे, युनियनने धान्य वाटलंय.

गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात १३ वर्षं काढून ह्यांचे कान गेलेले. कानात सांगितलेलं गुपित तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं, तू किती हसायचीस! त्याच माणसाने हे एवढं पोटात ठेवलं. गिरणीने परत घेतलं नाही, २५ वर्षं रात्रपाळीला वॉचमन म्हणून उभे राहिले, पण पोरांची फी एकदाही थकली नाही. मला कधी वर आवाज नाही, आणि तो आवाज केवढा मोठा ते तुला ठाऊकच आहे.

आता घोर लागलाय तो थोरल्याचा. तेराव्याला तुझा मुलगा पंगतीत बसला आणि हा पानावरून उठला. मीच लहानपणी भरवलेलं विष ते. वही त्याला दाखवू का? ह्यांनी तुझ्याकडून शपथ घेतली असणार, नाहीतर एवढ्या भांडणात तुझ्या तोंडून निघालंच असतं. त्यांनी झाकलेलं मी उघडं केलं तर त्यांना आवडेल का गं? रात्र रात्र हेच डोक्यात. पण मुलाने त्या घराकडे पाठ फिरवून जगावं, हेही त्यांना सोसलं नसतं. दाखवावीच असं वाटतं. तू काय म्हणतेस?

काल माझी तुळशीची माळ तुटली. धाकटा नातू आला, दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली आडवी धरली, एक वेढा दिला, ओढलं आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. साच्यावरची गाठ! आजोबांनी पतंगाच्या मांज्यावर शिकवलेली. बोट फिरवलं तरी लागत नाही. मी माळ हातात घेऊन बसूनच राहिले.

तुझा गुडघा कसा आहे? सुनेचे दिवस भरत आले ना, तिला जप.

गणपतीला येतेय. घावनं कर, तांदूळ मी आणीन. भावोजींना नमस्कार सांगू नकोस, येऊन मीच करीन.

तुझीच,
मी