गीतेचा प्रवेश कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राम गणेश गडकऱ्यांचे दारूच्या व्यसनावरचे नाटक 'एकच प्याला' आता जत्रा-उत्सवांतून बंद करावे, असे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात आले होते. नवऱ्याचा मार खाऊन वर त्यालाच पाठीशी घालणारी सिंधू आजच्या मुलींपुढे कशाला ठेवता, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, गावोगावच्या उत्सवी नाटकांत नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे मानधन घेऊन, जाणारी कलाकार. सिंधू केली, गीताही केली. म्हणून चार शब्द लिहिते.

पत्रलेखकाने मांडवात पाहिले ते नाटक आणि गडकऱ्यांनी लिहिले ते नाटक, यांत बरीच काटछाट झालेली असते. ती कशी होते ते प्रेक्षकाला दिसत नाही. जाहिरातीत वेळ रात्री दहाची. मग देणगीदारांचे सत्कार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची भाषणे, एखाद्याला यायला उशीर म्हणून पुन्हा थांबणे. पडदा वर जातो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. नाटक पाच अंकी. तालीम मास्तरांनी आधीच पेन्सिल चालवलेली असते, आणि ती नेहमी त्याच जागांवर चालते. सिंधूच्या नवऱ्याचा, म्हणजे सुधाकराचा, मित्र रामलाल, तसेच शरद आणि भगीरथ यांचे प्रवेश पहिले जातात. मग सुधाकर नोकरीसाठी दारोदार फिरतो तो भाग. मग गीता. उरते काय? सिंधूची पदे, आर्यमदिरा मंडळ हे दारूड्यांचे टोळके, आणि सुधाकराचा दारूडा सोबती तळीराम आजारी पडल्यावर त्याच्या उशाशी भांडणारे डॉक्टर आणि वैद्य. एक बाई रडते आणि बाकीचे हसवतात. एवढेच पाहून कोणी म्हणाले की हे नाटक बाईला सोसायला शिकवते, तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

गीता कोण? तळीरामाची बायको. सिंधू सुशिक्षित, श्रीमंत माहेरची, तोंडातून वावगा शब्द न काढणारी. गीता गरीब आणि फटकळ. नवरा दारूडा हे दोघींचे नशीब सारखे, पण गीता त्याला तोंडावर सुनावते. गडकऱ्यांनी या दोघी शेजारी शेजारी उभ्या केल्या त्या उगीच नव्हे. सिंधू गप्प बसते ते पाहताना प्रेक्षकाच्या कानात गीतेचे बोलणे घुमत असले पाहिजे. गीता काढली की सिंधूचे गप्प बसणे हाच बाईने वागायचा एकमेव मार्ग होऊन बसतो. मी गीता करायला गेले आणि 'ताई, तुमची दोनच वाक्ये ठेवलीत' असे रंगीत तालमीला ऐकले, असे एका गावात नव्हे, अनेक गावांत झाले आहे. मानधनही सिंधूचे जास्त, गीतेचे कमी. ते असो.

आता भगीरथ. प्रेमभंगाने दारूला लागलेला हा तरुण रामलालच्या शब्दाने सावरतो, दारू सोडतो. म्हणजे या नाटकात प्याला खाली ठेवून उभा राहिलेला माणूस आहे! पण तो नेमका कापलेल्या भागात. आमच्या प्रेक्षकाला वाटते की गडकऱ्यांनी एकदा लागलेली सुटतच नाही एवढेच सांगितले.

आणि रामलाल? लोकांना तो उपदेशाचे डोस पाजणारा कंटाळवाणा गृहस्थ वाटतो, कारण त्याचा उपदेशच तेवढा आम्ही ठेवतो. मूळ नाटकात हा शहाणा माणूस शरदवर, म्हणजे सुधाकराच्या विधवा बहिणीवर, मुलीसारखी माया करता करता तिच्या मोहात सापडतो. स्वतःच्या मनाची त्याला किळस येते. दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचाही तोल असा सुटतो, हे दाखवून गडकऱ्यांनी सुधाकराकडे बोट दाखवायची आपली सोय काढून घेतली आहे. मला विचाराल तर नाटकाचा जीव इथे आहे. हा धागा काढल्यावर उरतो तो दारूबंदी सप्ताहातला कार्यक्रम.

खरे म्हणजे सुधाकराला दारू लावते कोण? सगळे म्हणतात तळीराम. तळीराम फक्त पेला पुढे करतो. सुधाकर हुशार वकील, स्वतःच्या बळावर वर आलेला, आणि तापट. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि ती आग विझवायला पहिला प्याला येतो. पुढे तो दारू सोडतोही. काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तिथे पुन्हा अपमान पदरात पडतो आणि पुन्हा प्याला. एकदा कोर्टात आणि एकदा प्रतिष्ठितांच्या दारात, दोन्ही वेळा घसरायला लावतो तो त्याचा मान. सिंधूने माहेरची मदत घ्यायची नाही, हाही त्याच मानाचा हट्ट. तिला दळण दळायला लावतो तो हा हट्ट, दारू नंतर. आमचे सुधाकर करणारे बहुतेक जण पहिल्या अंकापासूनच झोकांड्या खातात, त्यामुळे हे काहीच दिसत नाही. कोर्टातून आलेला सुधाकर शुद्धीत असतो आणि तेव्हाच तो सर्वांत भयंकर असतो.

तळीरामाचेही तसेच. तो तर्क लढवणारा माणूस आहे. त्याचा विनोद दारूची बाजू तो वकिलासारखी मांडतो त्यात आहे, आणि आम्ही तो पायांत आणून ठेवला. गावातल्या बारचे नाव घालून एखादी कोटी केली की शिट्ट्या पडतात. मांडवाच्या मागे खाज्यांच्या दुकानांपलीकडे तो बार उघडाच असतो. मध्यंतरात कोण कोण तिकडे जातो हे विंगेतून आम्हाला छान दिसते.

सिंधूविषयी थोडे, कारण ती मी केली आहे. दळणाच्या प्रवेशाला गावातल्या एखाद्या घरातून जाते आणतात. ते रिकामे फिरवले तर दगडावर दगड घासल्याचा आवाज येतो आणि 'चंद्र चवथिचा' त्यात बुडून जाते. मी मूठभर तांदूळ मागून घेते. मग घरघर येते, हाताला ओढ लागते आणि गाताना दम खरोखरच तुटतो. तिथे ताना घ्यायच्या नसतात. बालगंधर्वांच्या आवाजात लोकांनी ही पदे ऐकली, तेव्हापासून प्रत्येक सिंधूने मैफल करावी अशी अपेक्षा असते. वन्स मोअर आला की मी ऑर्गनवाल्याकडे पाहतच नाही.

शेवटी फौजदार येतो. मूल गेलेले, डोक्यात काठीचा घाव, आणि सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटी जबानी देते. पूर्वी तिथे टाळ्या पडायच्या, आणि त्या टाळ्यांची मला भीती वाटायची. एका गावात पुढच्या चटईवर बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "सांग गे बाये, ताणेंच मारलें म्हण!" मांडव चिडीचूप झाला. मला वाटते, गडकऱ्यांना प्रेक्षक हवा होता तो असा. तेव्हापासून ती जबानी मी रडत देत नाही. फौजदाराकडे पाहतही नाही. सुधाकराकडे पाहून एकेक शब्द सावकाश बोलते. तेवढ्याने टाळ्या थांबतात. बाईने खोटे बोलून कोणाला वाचवले आणि त्याची किंमत काय, हे लोक आपापले बघतात.

पत्रलेखकाने आजच्या मुलींची काळजी केली आहे. त्यांच्या घरी संध्याकाळी मालिका लागत नसावी! तिथली सोशीक सून रोज सोसते आणि तिच्या शेजारी गीता नसते, असते ती भुवया उडवणारी खलनायिका. मुलींना जपायचेच असेल तर आधी रिमोट उचलावा.

गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, वयाच्या ३३ व्या वर्षी. हे नाटक त्यानंतर महिनाभरात बडोद्याला गंधर्व मंडळींनी रंगमंचावर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांना करावी लागली. लेखकाने या नाटकाचा प्रयोग पाहिला नाही, तालमीत उभे राहून 'हे कापा, ते ठेवा' म्हटले नाही. निदान त्याने जे लिहून ठेवले ते नीट वाचून मग पेन्सिल उचलावी, एवढे तरी आपण करू शकतो. पाच अंक जसेच्या तसे करा असे मी म्हणत नाही. तेवढा वेळ कोणालाच नाही, मलाही नाही. सकाळची पहिली बस पकडायची असते. पण कापायचेच तर सत्कार कापा. पदांची दुसरी आवर्तने कापा. डॉक्टर-वैद्य अर्ध्यावर आणा. त्यातून गीतेचा एक सबंध प्रवेश, भगीरथाचा एक आणि रामलालचे स्वतःच्या मनाची किळस सांगणारे स्वगत, एवढे आरामात बसते.

यंदाच्या उत्सवासाठी एका समितीने मला सिंधूसाठी विचारले आहे. गीता पूर्ण ठेवणार असाल तर येते आणि मानधनातले थोडे गीतेला द्या, असे मी कळवले आहे. मास्तरांना विचारून सांगतो म्हणाले. मास्तरांनी हे पत्र वाचले असेल तर उत्तर लवकर द्यावे, कारण दुसऱ्या गावाची तारीख अडून राहिली आहे.

आपली,
एक उत्सवी कलाकार,
फोंडा तालुका