आईच्या कुंड्या सांभाळून रंगवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

काम संपवून तुम्ही निघालात तेव्हा मी तुमचे आभार नीट मानले नाहीत, कारण बोलायला लागले असते तर मला रडू आवरले नसते आणि आठ जुन्या कुंड्यांपायी कुणी रडते का, असे तुम्हाला वाटले असते. तेव्हा राहून गेलेले आज लिहून कळवते आहे.

तुमच्याआधी या कुंड्या दोघांनी पाहिल्या होत्या. पहिल्याने दारातूनच "टाकून द्या, नव्या घ्या" असा सल्ला दिला. तो निदान प्रामाणिक होता असे आता म्हणावे लागते, कारण दुसऱ्याने पूर्ण पैसे घेऊन, रोपे जागेवर आणि माती ओली असतानाच, बाहेरून ऑइल पेंटचे दोन जाड हात फासले. भाजलेल्या मातीची कुंडी आतली ओल आपल्या अंगातून बाहेर सोडत असते आणि ती वाट रंगाने बुजवली की ओल रंगालाच ढकलून देते, हे मला तुमच्याकडून समजले. रंगाला फुगे येऊन नखासरशी पापुद्रे निघू लागले तेव्हा त्या गृहस्थांचे उत्तर एवढेच होते, की तुम्ही पाणी फार घालता. सिमेंटच्या मोठ्या कुंडीची चीर लिंपताना त्यांनी तळाचे भोकही लिंपून टाकले होते, हे तुम्ही कुंडी आडवी केल्यावर उघड झाले. आई रोज मायेने पाणी घालत होती आणि त्याच पाण्यात जास्वंदीची मुळे कुजत होती.

तुम्ही पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडलाच नाहीत. फुगलेला रंग पाण्याने भिजवून खरवडणे, क्षारांचे पांढरे थर व्हिनेगर घातलेल्या पाण्याने घासून काढणे, एवढेच दिवसभर चालले होते. सिमेंटच्या कुंडीची चीर तुम्ही बुजवण्याऐवजी आणखी रुंद केलीत तेव्हा मी मनातून धास्तावले होते. आतली तार गंजून फुगली आहे आणि तिनेच सिमेंट फोडले आहे, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलेत, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. नंतर मातीच्या कुंड्या खडखडीत वाळेपर्यंत तुम्ही रंगाला हात लावू दिला नाहीत. मी दोनदा घाई केली, त्याबद्दल क्षमा असावी.

परंतु हे पत्र खरे तर रंगासाठी नाही, दोऱ्यासाठी आहे.

रोपे मातीच्या गड्ड्यासकट काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तुम्ही सावलीत मांडली होतीत. संध्याकाळी पाणी शिंपडायला गेले, तर प्रत्येक रोपाच्या एकाच फांदीला लाल सुती दोरा सैलसर बांधलेला दिसला. मला वाटले, कुठली कुंडी कोणाची, याची ती खूण असेल. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा तुम्ही हातातला ब्रश न थांबवता म्हणालात, "ही त्यांची उजेडाकडची बाजू. इतकी वर्षे तिकडे तोंड करून वाढलीत, परत लावताना पाठ फिरायला नको."

ठरलेल्या कामात हा दोरा कुठेच नव्हता. बांधला नसतात तर मला कळलेही नसते आणि रोपांनी तक्रार केली नसती. लोक सभ्यता बोलण्यात शोधतात. तुम्ही तर दोन दिवसांत जेमतेम चार वाक्ये बोलला असाल. गुडघ्यांमुळे आता वाकू न शकणारी आई खिडकीतून हे सारे पाहत होती. तोवर तुमचा उल्लेख ती "तो रंगवाला" असा करत होती. त्या सकाळपासून तुम्ही "आपले काका" झालात.

तुम्ही बजावल्याप्रमाणे कुंड्यांखाली विटांचे तुकडे सरकवले आहेत, त्यामुळे तळाचे भोक मोकळे राहते. जास्वंदीला एक कोंब फुटला आहे, तो दोऱ्याच्याच बाजूला. मागच्या अंगणात दोन फुटक्या कुंड्या अजून शिल्लक आहेत. तुम्हाला सवड होईपर्यंत त्या तशाच राहतील. दुसऱ्या कुणाला त्यांना हात लावू द्यायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे.

आपली कृतज्ञ,
आठ कुंड्यांच्या मालकिणीची मुलगी