चमकणारे औषध ही तपासणी नव्हे

महोदय,

‘कर्करोग उजळवणाऱ्या’ इंजेक्शनबद्दल वाचून पेशंटचे नातेवाईक विचारतात, मग मॅमोग्राफी कशाला? पेग्युलिसियानिन (लुमिसाइट) या औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती स्तनात गाठ आहे का हे शोधण्यासाठी नाही. सर्जनने स्तनातील कर्करोगाची गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतीत काही राहिले का, हे ऑपरेशन थिएटरातच पाहण्यासाठी ते आहे.

या रेणूत चमकणारा रंग आणि त्याची चमक दाबून ठेवणारा घटक एका छोट्या पेप्टाइडने (प्रथिनासारख्या लहान साखळीने) बांधलेले असतात. कॅथेप्सिन आणि एमएमपी ही प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) गाठीत आणि तिच्या आजूबाजूला जास्त असतात. ती पेप्टाइड कापतात आणि रंग मोकळा होऊन चमकतो. घोळ इथेच आहे. हीच विकरे दाह असलेल्या निरोगी भागातही असतात, म्हणजे चमकले ते सगळे कर्करोग नव्हे. ३५७ रुग्णांच्या चाचणीत २७ जणींमध्ये मागे राहिलेली गाठ या तंत्राने निघाली, हे खरेच मोलाचे. पण त्याच चाचणीत संवेदनशीलता, म्हणजे खरा कर्करोग पकडण्याचे प्रमाण, ४९ टक्क्यांच्या आसपास होती. कर्करोग असलेल्या निम्म्या कडा (पोकळीच्या भिंतीचे भाग) चमकल्याच नाहीत!

मात्रा वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० मिलिग्रॅम. शिरेतून ३ मिनिटांत, पोकळी पाहण्याच्या २ ते ६ तास आधी. ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली गेली की हे गणित बिघडते. ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या ॲलर्जीचा, धोका एफडीएने औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायला लावला आहे, तेव्हा ॲड्रेनालिन हाताशी हवेच. काखेतील लसिकाग्रंथी शोधण्यासाठीचा निळा रंग पोकळी पाहून झाल्यावरच टोचावा, नाहीतर चित्र फसवते. दोनेक दिवस लघवी निळी-हिरवी होते. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरतात.

आक्रमक (आजूबाजूच्या भागात घुसलेल्या) कर्करोगात कड मोकळी म्हणायची ती काढलेल्या भागाला लावलेल्या शाईवर मायक्रोस्कोपखाली एकही कर्कपेशी दिसली नाही तर. पडद्यावर काहीच चमकले नाही म्हणून थिएटरबाहेर येऊन ‘सगळे निघाले’ असे सांगू नये. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावे.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नाशिक